आठवड्याला बावीस तास

इंद्रायणी : बावीस! बावीस तास म्हणालास तू, माईकवरनं. मागच्या रांगेत बसून माझ्या या दोन कानांनी ऐकलं मी.

आशिष : ताई, आधी आत तर येऊ दे. चप्पल काढू दे.

इंद्रायणी : काढ की. कुणी धरलीय तुझी चप्पल? आणि ती शाल काढ आधी. चाळीस डिग्रीत शाल पांघरून बसलास स्कूटीवर माझ्या मागं, सगळा सात रस्ता चौक बघत होता.

आशिष : तूच म्हणालीस, उडून जाईल, गुंडाळून घे.

इंद्रायणी : रस्त्यावर बोलता येत नव्हतं मला. आता येतंय. बावीस तास कशाचे? दिवसाचे?

आशिष : दिवसाला चोवीसच असतात, ताई.

इंद्रायणी : थट्टा करू नकोस. आज थट्टा केलीस तर बघ.

आशिष : आठवड्याचे.

(दुपारचा एक. इंद्रायणी सतरा वर्षं शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, आणि आज त्याच शाळेनं तिच्या धाकट्या भावाचा सत्कार केला होता. व्हिएतनाममध्ये स्वतःच्या हिमतीवर इंग्रजीचे क्लास घेणारा आपला माजी विद्यार्थी, म्हणून. हार कुठला, शाल कुठली, परिचय काय वाचायचा, सगळं तिनंच पाहिलं होतं, मोठ्या हौसेनं. आता सत्काराचा नारळ तिनं टेबलावर असा आदळला, की आतल्या खोलीत पडलेली आई नक्की जागी झाली असणार. झाली तर होऊ दे, म्हटलं तिनं मनात.)

इंद्रायणी : परत म्हण. शाळेत कसं छान थांबून थांबून म्हणालास, पोरांना नीट कळावं म्हणून.

आशिष : नववीतल्या मुलीनं विचारलं. काय नाव तिचं, सृष्टी. "सर, तुम्ही तिकडं किती तास काम करता?" वर्गात मी खोटं बोलत नाही.

इंद्रायणी : वर्गात नाही. घरी बोलतोस.

आशिष : ताई...

इंद्रायणी : हेडसरांनी तुझा परिचय वाचला, तो कुणी लिहिला होता? मी. चारदा खोडून लिहिला. "परक्या मुलखात दिवसाला चौदा-चौदा तास राबून आईचा आणि घराचा आधार झालेले आमचे विद्यार्थी." टाळ्या पडल्या. आणि पंधरा मिनिटांत तू उठून काय सांगतोस? आठवड्याला बावीस तास शिकवतो, गुरुवार पूर्ण बंद, दुपारी पोहायला जातो, नवीन विद्यार्थी आले तर नाही म्हणतो! वच्छला मॅडम मागं वळून माझ्याकडं बघून हसल्या. हसल्या, आशिष. उद्या साडेदहाला त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचंय मला.

आशिष : हसल्या तर हसल्या. मला ते ऐकून मान खाली घालावीशी वाटत होती, चौदा तास राबून वगैरे. मी कधी म्हणालो चौदा तास?

इंद्रायणी : कधी म्हणालास? गेल्या वर्षी, मार्चच्या नऊ तारखेला, रविवारी. जावक रजिस्टर ठेवते मी, तारखा माझ्याकडं चुकत नाहीत. तुला फोन केला होता. पुण्याच्या कोर्सचं सांगितलं. आठवतंय का तेही विसरलास?

आशिष : आठवतंय.

इंद्रायणी : मग सांग, काय होतं ते.

आशिष : मुक्या-बहिऱ्या मुलांशी हातांनी बोलायची भाषा. सहा महिने पुण्यात राहून शिकायची.

इंद्रायणी : संस्था पगारी रजा देत होती. फी संस्था भरत होती. आमच्या संस्थेत पेनातली रिफील मिळवायला दोन अर्ज लागतात, त्या संस्थेनं मला बोलावून सांगितलं, बाई, तुम्ही जा. का सांगितलं? वळसंगहून येणारी ती श्रावणी आहे ना, तिच्यामुळं. ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभी राहिली, ऐकू येत नाही, बोलता येत नाही, हातवारे करायली नुसती. मी पाणी दिलं. नको. खुर्ची दिली. नको. रडायला लागली पोर. चाळीस मिनिटांनी कळलं मला, तिचा एसटीचा पास हरवला होता. एवढंच. त्या दिवसापासनं मी मोबाईलवर बघून बघून शिकायले एकेक खूण, स्वयंपाक करता करता. मला ते शिकायचं होतं रे. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मला स्वतःला काहीतरी पाहिजे होतं. आणि तू काय म्हणालास?

आशिष : नाही जमणार म्हणालो.

इंद्रायणी : तेवढंच नाही म्हणालास. "ताई, सकाळी सहाला उभा राहतो तो रात्री आठला बसतो. एक आठवडा गैरहजर राहिलो तर मुलं दुसऱ्या सरांकडं जातात. मी आलो तर सगळं बसेल." आवाज पण कसा काढला होतास, घसा बसल्यासारखा. मला वाटलं, अरे देवा, हा तिकडं मरायलाय आणि मी हिकडं कोर्सचं काय घेऊन बसले. उलट तुलाच म्हणाले, तब्येतीला जप.

आशिष : तसं कधीच नव्हतं असं नाही. पहिली दोन वर्षं अगदी तसंच होतं. ऐकणार आहेस का बोलतच राहणार आहेस?

इंद्रायणी : बोल.

आशिष : सकाळी सहाला हॉटेलच्या कामगारांचा वर्ग. मग मोटारसायकलवर शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका कंपनीत. दुपारी लहान मुलं, संध्याकाळी मोठी मुलं, शनिवार-रविवार परीक्षेवाली. नुसतं शिकवायचेच आठवड्याला सेहेचाळीस तास, जायचा-यायचा वेळ वेगळा. नोकरी नाही ती. तुला ताप आला तर रजा टाकता येते. मला ताप आला तर त्या दिवशीचं बंद. त्यांच्या नवीन वर्षाला सगळा देश गावी जातो, तीन आठवडे मला एक रुपया नाही. म्हणून मिळेल तो तास घ्यायचा. रिकामा तास दिसला की छातीत धडधडायचं. मग एके दिवशी वर्गात उभा राहिलो, 'गुड मॉर्निंग' म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच नाही. दीड महिना नाही. खोलीवर पडून होतो.

इंद्रायणी : हे सांगितलं नाहीस.

आशिष : काय सांगणार? बाबांच्या घशाच्या दुखण्यात तू त्यांचं केलंस ते पुरे होतं की.

इंद्रायणी : बाबांना मध्ये आणू नकोस.

आशिष : आणणार. त्यांनाच आणणार. याच खोलीत पहाटे साडेपाचला पहिली बॅच. मग शाळा. मग संध्याकाळच्या तीन बॅचेस. आपण दोघं स्वयंपाकघरात बसून जेवायचो, आवाज न करता, कारण बाहेर बाबा, म्हणजे कमलाकर सर, शिकवतायत. रिटायर झाल्यावर काय करणार, विचारलं होतं मी. म्हणाले, दुपारचं झोपणार. किती महिने झोपले?

इंद्रायणी : चार.

आशिष : चार महिने. मे अखेर रिटायर झाले, सप्टेंबरात गेले. त्या दीड महिन्यात खोलीवर पडून मी ठरवलं, हे करायचं नाही. वही घेतली. खोलीचं भाडं, जेवण, हिकडं पाठवायचे, थोडे बाजूला. त्याला किती तास पुरतात? बावीस. तेवढेच घेतले. बाकीचे सोडले. लोक हसले तिथले, म्हणाले, येडा आहे, चालून आलेले विद्यार्थी परत पाठवतो. पाठवतो! गुरुवारी उठतो आणि काही करत नाही. रस्त्याकडेला स्टुलावर बसून कॉफी पितो, दोन तास. आणि मला त्याची लाज वाटत नाही, ताई. या घरात दमून आल्याशिवाय कुणी जेवायला वाढत नाही, तुला ठाऊक आहे ते. मी दमलो नाही, याचाच राग आलाय तुला.

इंद्रायणी : हो, आलाय! माझ्या वाटणीचंही तूच बसून घेतलंस म्हणून आलाय! वही घेतलीस म्हणे. त्या वहीत आईची आंघोळ लिहिलीस का? किती तास लिहिलेस? सकाळी पाचला उठते मी. तिला धरून मोरीत नेते, आंघोळ घालते, लुगडं नेसवते, भाकरी करते, डबा भरते, बाराच्या सुट्टीत स्कूटीनं येऊन गोळी देऊन जाते. तिचा खुबा मोडून दोन वर्षं झाली, या दोन वर्षांत मी एक लग्न जेवले नाही. रविवारी लोक काय करतात? मी तिचे केस धुते. तू कॉफी पी की. कोण नाही म्हणतं? पण ती दोन तासांची कॉफी हितनं, माझ्या हातनं जाते रे तुझ्याकडं.

आशिष : मी पैसे पाठवतो.

इंद्रायणी : पैशाचं नाव काढू नकोस. पैसे वेळेवर येतात, सगळ्या गल्लीला सांगते मी. पैसे आंघोळ घालत नाहीत.

आशिष : म्हणून तर म्हटलं होतं, बाई ठेव.

इंद्रायणी : दोन ठेवल्या. पहिली आठ दिवसांत पळाली. दुसरी रेवणप्पाची बायको कमलम्मा, सोन्यासारखी बाई, तिला आईनं चौथ्या दिवशी चोर ठरवून हाकलली. साखर चोरते म्हणे. अर्धा किलो साखर डब्यात जशीच्या तशी होती.

आशिष : बरं. चुकलं माझं. खोटं बोलायला नको होतं.

इंद्रायणी : एवढ्यावर मिटवू नकोस. मी तुला आज हे का सांगायले माहितीये का? त्या कोर्सचा फॉर्म यंदा परत आलाय. एक एप्रिलपासनं वर्ग. शनिवारी फॉर्म घेणं बंद होणार. हेडसर म्हणाले, बाई, यंदा नाही गेलात तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो, श्रावणी अजून दोनच वर्षं आहे आपल्याकडं. पंधरा दिवस झाले, फॉर्म पर्समध्ये घेऊन फिरायले मी. तू सत्काराला आलास, आठ दिवस घरात आहेस, तुला विचारलं सुद्धा नाही. का विचारलं नाही? म्हटलं, बिचारा दमतो.

आशिष : ताई, रडू नकोस.

इंद्रायणी : रडत नाहीये. राग आला की मला पाणी येतं डोळ्याला. तुला काय माहीत असणार, तू असतोस कुठं हितं? आता सरळ सांग. हितनं शिकवता येतं का नाही तुला? लॅपटॉप आहे, वायफाय आहे.

आशिष : सगळे नाही येत. हॉटेलचे लोक, कंपनीचे लोक, त्यांना समोर माणूस लागतो. ते तेरा तास जातील, आणि गेले की परत मिळायला वर्ष जाईल. मुलांचे नऊ तास ऑनलाइन होतात. तिथले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपले पाच.

इंद्रायणी : तोंडपाठ आहे की हिशोब तुला.

आशिष : केला होता मी. मागच्या वर्षी.

इंद्रायणी : मागच्या वर्षी कशाला केलास?

आशिष : तिकीट पण बघितलं होतं. मार्चअखेरचं.

इंद्रायणी : काय बोलायलास तू?

आशिष : तुझ्या फोनच्या आधी. आईनं मला कोर्सचं सांगितलं होतं. तू विचारशील म्हणून वाट बघत होतो मी. येतो म्हणणार होतो.

इंद्रायणी : मग?

आशिष : मग नाही आलो. जाऊ दे.

इंद्रायणी : जाऊ कसं देऊ? तिकीट बघितलंस, हिशोब केलास, आणि मी विचारल्यावर घसा बसवून चौदा तास सांगितलेस? का?

आशिष : सोड ना, ताई. शनिवारपर्यंत काहीतरी करू आपण.

इंद्रायणी : का, म्हणून विचारतेय मी!

आई : त्याला काय इचारतीस? मला इचार.

आशिष : आई, तू का उठलीस? थांब, मी धरतो.

आई : नगं. ह्यो चालायचा लोखंडी घोडा हाय की धराया. नारळ आपटल्यापास्नं जागी हाय मी. समदं ऐकलं. इंदे, मीच सांगितलं त्याला, येऊ नगंस म्हून.

इंद्रायणी : तू?

आई : व्हय. त्यो येतो म्हणत हुता. म्या म्हनलं, ती फोन करंल तवा काम लई हाय म्हून सांग. चौदा तास बी मीच सांगितलं. तुजं बाबा तेवढंच करायचे की.

इंद्रायणी : आणि तू ऐकलंस, आशिष?

आशिष : ऐकलं.

इंद्रायणी : आईचं कधीपासनं ऐकायला लागलास? लग्न कर म्हणून घसा कोरडा झाला तिचा, ते नाही ऐकलंस. हे बरोबर ऐकलंस!

आशिष : हे ऐकायला सोपं होतं.

इंद्रायणी : बरं वाटलं असंल तुला.

आशिष : हो. खोटं कशाला बोलू? फोन ठेवला आणि बरं वाटलं. पोहायला गेलो त्या दिवशी.

इंद्रायणी : वा! दोघांनी मिळून, फोनवर बसून, माझं ठरवलंत. तो तिकडं पोहतोय, तू हितं माझ्या हातची भाकरी खातेस, आणि मी वर्षभर त्याच्या घशाची काळजी करायले. कमलम्मानं साखर चोरली होती का गं, आई?

आई : न्हाय.

इंद्रायणी : पहिलीनं?

आई : ती बी चांगलीच हुती बिचारी. बाई रुळली आसती, तर तुला जायाला मोकळं झालं आसतं.

इंद्रायणी : काय माणसं आहात तुम्ही! परकी असती तर तोंड बघितलं नसतं मी परत.

आशिष : ताई, फॉर्म दे इकडं. मी भरतो.

इंद्रायणी : हात लावू नकोस. माझा फॉर्म मी भरीन. तू ऐक. सोमवारी जा, तुझं तिकीट आहे. खोलीचं काय ते बघ, हॉटेलवाल्यांना सांग. सव्वीस तारखेला मला तू या दारात पाहिजेस.

आशिष : तेरा तास गेले म्हणजे नऊच उरतात. नऊ तासांवर सहा महिने...

इंद्रायणी : काढ. हिकडं पाठवू नकोस, तू हितंच असशील. नऊ तास शिकव आणि बाकीचा वेळ मोकळाच आहेस की. लई आवडतो ना तुला मोकळा वेळ?

आशिष : येतो.

इंद्रायणी : नीट म्हण.

आशिष : येतो म्हटलं ना! सव्वीसला येतो. पण गुरुवारी...

इंद्रायणी : गुरुवारी काय?

आशिष : गुरुवारी दुपारी दोन तास बाहेर जाईन. ते मी सोडणार नाही. ओरडायचं तर ओरड.

इंद्रायणी : जा की. दोन तास ती एकटी राहते. माझ्या पाठीमागं रोज राहतेच. आणि आंघोळीला कमलम्माला परत बोलावणार आहे मी, तिच्या पाया पडून. ऐकलंस का गं? या वेळी तिला घालवलीस, तर हा तुझा लेक घालंल तुला आंघोळ.

आई : शी! काय बी बोलती.

इंद्रायणी : मग नीट राहायचं तिच्याशी. साखरेच्या डब्याला कुलूप लावून किल्ली तुझ्या कमरेला बांधते, म्हणजे तुझी काळजी मिटली.

आई : बस आता. भाकरी गार झाली आसंल. दोघं बी जेवला न्हाईसा.

इंद्रायणी : भाकरीचं मी बघीन. आधी मला एक सांग, आणि नीट सांग. पुणं काय सातासमुद्रापार आहे? चार तासांवर आहे. सहा महिन्यांचा तर प्रश्न. शाळा हितं, नोकरी हितं, तू हितं. हा कुठल्या कुठं गेला, तेव्हा दारात उभी राहून दहीसाखर दिलीस त्याला. आणि मी पुण्याला जाते म्हणाले तर एवढं कारस्थान? मी परत येणारच होते की, आई. तुला का वाटलं, मी येणार नाही?





आई : मी तुज्या जागी आसते, तर न्हाय आले आसते.